तार न येणारा पाक : कमी साखरेच्या चेरी कॉम्पोटचे एक प्रकरण

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्याच इमारतीतील एका घरच्या सूनबाई चिनी मातीची लहान बरणी घेऊन माझ्याकडे आल्या. बरणीच्या तोंडाला बांधलेले फडके सोडताच ताडीसारखा आंबूस वास आला आणि वरच्या थरावर बारीक बुडबुडे दिसले. "काकू, सगळं मोरांब्यासारखंच केलं होतं, फक्त साखर घातली नाही," असे त्या म्हणाल्या. निदान या एका वाक्यातच होते. तरीही मी बरणी ठेवून घेतली आणि पदार्थ कसा केला हे त्यांना पहिल्यापासून सांगायला लावले. अन्नशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे बिघडलेला पदार्थ फेकण्यापूर्वी त्याची हकीकत विचारून घेण्याची खोड अजून गेलेली नाही.

घरातील आजींचे वय ७२ असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्या नियमित आहेत आणि खाण्यावर बंधने आहेत, परंतु जेवणाच्या शेवटी चमचाभर मोरांबा घेण्याची त्यांची सवय सुटता सुटत नाही. आहारतज्ज्ञांनी त्यांना फळांची मुभा मोजून दिलेली आहे. मोरांबा, साखरआंबा आणि गुळांबा मात्र बंद आहेत. मुलाने बाजारातून काश्मिरी चेरीचे एकेक किलोचे दोन खोके आणले, तेव्हा आजींसाठी साखरेविना काही तरी करून ठेवावे, असे सूनबाईंच्या मनात आले. हेतू चांगला होता आणि फळही चांगले होते.

फळाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे चेरी म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर केकवरची किंवा मसाला पानातली लालभडक, रबरासारखी गोळी येते. ती बहुधा चेरी नसतेच. करवंदाच्या जातीचे फळ बिया काढून साखरेच्या पाकात मुरवतात आणि त्याला लाल रंग देतात. खरी चेरी आपल्याकडे येते ती मुख्यतः काश्मीरच्या शोपियान, गांदरबल आणि श्रीनगरभोवतीच्या बागांतून, थोडी हिमाचलच्या सिमला भागातून. हंगाम मेच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंतचा, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांचा असतो. मिश्री, डबल, मखमली अशी जातींची नावे व्यापाऱ्यांच्या तोंडी असतात. आंबा किंवा चिकू अढीत पिकतो, तशी चेरी झाडावरून उतरल्यानंतर पिकत नाही. ती केवळ मऊ पडते आणि मग बुरसते. त्यामुळे खोका घरी आला की दोन-तीन दिवसांत त्याचा निकाल लावावा लागतो, आणि शिजवून ठेवण्याचा विचार तेथूनच सुरू होतो.

कॉम्पोट हा मूळचा फ्रेंच शब्द आहे. फळे थोड्या पाकात मऊ होईपर्यंत, परंतु आकार न मोडता शिजवायची, एवढाच त्याचा अर्थ. पूर्व युरोपात याच नावाने फळे उकळून केलेले पातळ पेय पितात, ते निराळे. जॅम चमच्यावर थरथरत उभा राहिला पाहिजे आणि मोरांबा वर्षभर टिकला पाहिजे, अशी आपली अपेक्षा असते. कॉम्पोटकडून यांपैकी काहीच अपेक्षित नाही, म्हणूनच साखर कमी करायची असेल तर तोच प्रकार सोयीचा पडतो. सूनबाईंनी आपल्या पदार्थाला नाव कॉम्पोटचे दिले होते, कृती मात्र मोरांब्याची केली होती.

ती कृती अशी होती. एका खोक्यातील चेरीच्या बिया काढल्यानंतर ८२० ग्रॅम गर मिळाला. घरात केक करणारी नात असल्यामुळे वजनकाटा होता आणि आकडे वहीत लिहिलेले होते, हे या प्रकरणाचे भाग्यच म्हणायचे. गर ॲल्युमिनियमच्या पातेल्यात पाऊण वाटी पाण्यासह शिजायला ठेवला आणि त्यात साखरेऐवजी स्टीव्हिया या वनस्पतीपासून केलेली गोड पूड घातली. मग त्या तार येण्याची वाट पाहत राहिल्या. वीस मिनिटांनी थेंब दोन बोटांत धरून पाहिला, तार नाही. अर्ध्या तासाने पाहिला, तार नाही. "तारच येईना, म्हणून आटवत गेले," असे त्यांनी सांगितले. एकंदर ५५ मिनिटे पातेले आचेवर होते. खाली उतरवले तेव्हा फळांचा लगदा झाला होता, रंग उजळ लालऐवजी जांभळट, मळकट आला होता आणि जिभेवर गोडीच्या मागून कडवटपणा रेंगाळत होता. गार झाल्यावर वजन ४३० ग्रॅम भरले. ते बरणीत भरून, फडके बांधून, मोरांब्याची बरणी जिथे असते त्याच फळीवर ठेवले. तिसऱ्या दिवशी वर फेस दिसला आणि पाचव्या दिवशी बरणी माझ्याकडे आली.

तार येणे शक्यच नव्हते. दोन बोटांमध्ये ओढली जाणारी तार ही साखरेची असते, फळाची नव्हे. पाकातील पाणी आटून साखरेचे प्रमाण साधारण सत्तर टक्क्यांच्या पुढे गेले की तो चिकट होतो आणि बोटांत तार धरतो. स्टीव्हियाची गोडी साखरेच्या दोनशे-तीनशे पट असल्यामुळे ती चिमटीने घालतात; एवढीशी पूड पाण्याला दाटपणा देऊ शकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही परीक्षा मोरांब्याच्या बाबतीत अगदी अचूक आहे, कारण तार आली म्हणजे गोडी, दाटपणा, चकाकी आणि टिकाऊपणा ही चारही कामे एकदमच उरकली, असे ती सांगते. साखर काढून घेतली की चारही कामे एकदमच मोकळी पडतात. गोडीचे काम स्टीव्हियाकडे गेले. उरलेल्या तिघांसाठी कोणी नेमलेलेच नव्हते.

टिकाऊपणाचे काम त्यांतले सर्वांत महत्त्वाचे. साखर जंतूंना मारत नाही; ती पाणी धरून ठेवते आणि यीस्ट व बुरशी यांना वाढीसाठी लागणारे मोकळे पाणी उरू देत नाही. आपल्याकडील अन्नसुरक्षा नियमांत जॅममध्ये विरघळलेल्या घनपदार्थांचे प्रमाण किमान ६५ टक्के असावे असे म्हटले आहे, आणि त्यांतला बहुतेक भाग साखरेचाच असतो. या बरणीत ते प्रमाण त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी होते. फळात मुळात असलेली साखर यीस्टला खायला होती, पाणी मुबलक होते, पुण्यातील जूनची ऊब होती आणि फडक्यातून हवा खेळत होती; त्यातच रोज दोन वेळा त्याच बरणीत चमचा जात होता. आंबण्यासाठी याहून चांगली सोय हेतुपुरस्सर केली असती तरी झाली नसती.

रंगाचा दोष पातेल्याकडे जातो. चेरीचा लाल रंग ज्या रंगद्रव्यांमुळे येतो, ती आंबटपणात लाल राहतात आणि आंबटपणा घटला किंवा ॲल्युमिनियम, लोखंड अशा धातूंशी गाठ पडली की निळसर, जांभळट होतात. गोड चेरी तशी फार आंबट नसते. तिचा पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप (आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त), साधारण ४ च्या आसपास असतो आणि त्यात लिंबाचा थेंबही पडलेला नव्हता.

मला सर्वांत विचार करायला लावले ते मात्र वजनाच्या आकड्याने. गोड चेरीच्या शंभर ग्रॅम गरात साधारण १३ ग्रॅम साखर मुळातच असते. म्हणजे ८२० ग्रॅम गरात १०६-१०७ ग्रॅम साखर आली. पाणी उडून गेले तरी साखर पातेल्यातच राहते. त्यामुळे ४३० ग्रॅमच्या त्या लगद्यात दर शंभर ग्रॅमला साधारण २५ ग्रॅम साखर होती. वरून साखरेचा दाणाही न घालता केलेला पदार्थ मूळ फळाच्या जवळजवळ दुप्पट गोड झाला होता, आणि आजी तो बिनसाखरेचा समजून नेहमीपेक्षा मोठा चमचा भरून घेत होत्या. हे मी सूनबाईंना कागदावर मांडून दाखवले, तेव्हा आंबलेल्या बरणीपेक्षा त्यांना याचेच अधिक वाईट वाटले.

दुसरा खोका फ्रिजमध्ये शिल्लक होता, परंतु त्यातील बरीचशी फळे मऊ पडली होती. ती तशीच खाऊन संपवावी आणि पुढच्या आठवड्यात ताजे फळ आणून पुन्हा करावे असे ठरले. मधल्या काळात आजींनी गुळाचा आग्रह धरला. गूळ साखरेपेक्षा सौम्य, अशी त्यांची समजूत होती. गुळातही मुख्यतः तीच साखर असते, मधातही साखरच असते, आणि गुळाचा तपकिरी रंग चेरीचा लाल रंग झाकून टाकतो, असे मी त्यांना समजावले. त्यांना ते पटले असे म्हणवत नाही. परंतु त्यांनी हट्ट सोडला.

स्टीव्हियाही आम्ही बाजूला ठेवली. त्या डब्यावरील घटकांची यादी वाचली असता पुडीतला बहुतांश भाग स्टीव्हियाचा नसून माल्टोडेक्स्ट्रिनचा, म्हणजे पिष्टापासून केलेल्या भुकटीचा निघाला, आणि ती भुकटी रक्तातील साखर वाढवतेच. शिवाय एखाद्या पदार्थाला कडवट शेपूट असेल तर घरातील माणसे तो चार दिवसांत टाळू लागतात. माझा सल्ला असा होता की साखर पूर्ण काढण्याचा हट्ट न धरता गराच्या सात टक्के एवढीच घालावी, लिंबू सढळ हाताने घालावे आणि पदार्थ टिकवण्याचे काम फ्रिजवर सोपवावे.

तिसऱ्या आठवड्यात आणलेल्या खोक्यातून चिरलेली आणि डागाळलेली फळे वेगळी केल्यावर ९३० ग्रॅम चेरी उरली. बिया काढायचे यंत्र कोणाकडेच नव्हते. सॉसच्या रिकाम्या बाटलीच्या तोंडावर देठाची बाजू वर करून चेरी ठेवायची आणि स्टीलचा स्ट्रॉ आरपार दाबायचा. बी बाटलीत पडते, रसही बाटलीतच उडतो आणि साडी वाचते. नातीने पाऊण तासात सर्व फळे निकालात काढली. बिया मोजून घ्याव्यात, असे मी मुद्दाम सांगितले, कारण एखादी बी गरात राहिली तर आजींच्या दाताशी गाठ. बी मिक्सरमध्ये वाटली जाणेही बरे नव्हे. चेरीच्या बीच्या आत असे द्रव्य असते की बी फुटल्यावर त्यापासून सायनाइड तयार होते. अख्खी बी चुकून गिळली गेली तर भिण्याचे कारण नसते.

गर ८०० ग्रॅम भरला. त्यावर ५६ ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घालून तासभर झाकून ठेवले. साखर आणि लिंबू फळातील रस बाहेर ओढतात, त्यामुळे पाण्याचा थेंबही घालावा लागला नाही, आणि न घातलेले पाणी पुढे आटवावेही लागत नाही. मिठाने पदार्थ खारट होत नाही, उलट कडवटपणा दबून गोडी वर येते. लिंबामुळे रंग टिकतो, चव जागी होते आणि आंबटपणा वाढल्यामुळे जंतूंना अडचण होते. एका लिंबाने एवढी कामे करावीत, याचे मला अजूनही कौतुक वाटते.

आता दाटपणाचा प्रश्न राहिला. पेक्टिन, म्हणजे जॅम गोठवणारे फळातील द्रव्य, घालावे का, असे नातीने विचारले. फळातील नेहमीचे पेक्टिन भरपूर साखर आणि आंबटपणा यांच्या जोडीनेच गोठते; कमी साखरेत कॅल्शियमच्या मदतीने गोठणारे वेगळे पेक्टिन मिळते, परंतु ते शोधत फिरण्याइतकी आमची गरज नव्हती. कॉर्नफ्लोअरची पेस्ट लावली तर दाटपणा येतो, मात्र ते पिष्टच, आणि चेरीच्या रसाला त्याने एक गढूळ छटा येते. आम्ही निवडलेली पद्धत जुनीच आहे. रुंद तळाच्या स्टीलच्या पातेल्यात फळे आणि सुटलेला रस मध्यम आचेवर आठ मिनिटे शिजवला. फळे मऊ झाली, पण अंगाने धड होती, तेव्हाच ती झाऱ्याने उपसून ताटात काढली. मागे उरलेला रस दालचिनीच्या बोटभर तुकड्यासह एकटाच सात मिनिटे उकळला. तो चमच्याच्या पाठीला लागून राहू लागला तेव्हा फळे पुन्हा त्यात सोडली आणि दोन मिनिटांत आच बंद केली. एकूण सतरा मिनिटे झाली. आटवायचा तो रस, फळ नव्हे, ही गोष्ट एकदा हाताला कळली की लगदा होण्याची भीती राहत नाही. सूनबाईंनी सवयीने थेंब बोटांत धरला आणि स्वतःच हसल्या.

गरम असताना चाखल्यावर तो सर्वांना पुरेसा गोड वाटला. थंड पदार्थ जिभेला कमी गोड लागतो, म्हणून खरी परीक्षा फ्रिजमधून काढल्यावरची. दुसऱ्या दिवशी मुलाला तो किंचित आंबट वाटला. आजींना वाटला नाही, आणि हा पदार्थ त्यांच्यासाठीच होता. दालचिनीत साखर नसली तरी गोड पदार्थांशी तिची संगत आपल्या डोक्यात इतकी पक्की बसलेली आहे की तिच्या वासाने गोडी थोडी वाढल्यासारखी वाटते.

तयार पदार्थाचे वजन ६९० ग्रॅम भरले. फळातील १०४ आणि वरून घातलेली ५६ मिळून १६० ग्रॅम साखर झाली. म्हणजे शंभर ग्रॅमला साधारण २३ ग्रॅम. साखर न घालता केलेल्या पहिल्या बरणीपेक्षा हे प्रमाण कमी होते, हे नातीने वहीत दोनदा गुणाकार करून पाहिले. आजींना ठरवून दिलेल्या दोन मोठ्या चमच्यांत, म्हणजे साधारण ४० ग्रॅम कॉम्पोटमध्ये नऊ-साडेनऊ ग्रॅम साखर जाते. तेवढ्याच जॅममध्ये ती पंचवीसच्या आसपास गेली असती. नऊ ग्रॅम म्हणजे सपाट दोन लहान चमचे साखर, शून्य नव्हे, आणि ती त्यांच्या दिवसाच्या हिशेबात धरावी लागते. तो हिशेब त्यांच्या आहारतज्ज्ञांना दाखवूनच पक्का केला. घरच्यांनी यंत्रावर जेवणानंतरची रक्तशर्करा तपासून आकडा मला कळवला होता. तो मी येथे देत नाही, कारण त्या जेवणात भात होता, बटाट्याची भाजी होती, आणि एका मोजणीवरून कॉम्पोटच्या पदरात ना श्रेय टाकता येते ना दोष.

भरण्याच्या बाबतीत चिनी मातीची बरणी मी स्पष्टपणे नाकारली. झाकणाच्या चार लहान काचेच्या बाटल्या दहा मिनिटे पाण्यात उकळून, पालथ्या घालून कोरड्या केल्या आणि त्या गरम असतानाच त्यांत गरम कॉम्पोट भरले. थंड काचेत उकळते घातले तर काच तडकते. मोठ्या बरणीऐवजी लहान बाटल्या घेण्याचे कारण असे की एका वेळी एकच उघडी राहते. दोन बाटल्या फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवल्या, दारात नव्हे, कारण दार सतत उघडते आणि तेथील थंडी कमी-जास्त होते. उरलेल्या दोन, वर बोटाच्या पेराएवढी जागा मोकळी सोडून, पूर्ण गार झाल्यावर फ्रीझरमध्ये गेल्या; गोठताना पदार्थ फुगतो, ती जागा त्यासाठी. परदेशात फळे नुसत्या पाण्यात भरूनही हवाबंद बाटल्या ठरावीक वेळ उकळतात आणि त्या साखरेविना फळीवर टिकतात. तेथे टिकवण्याचे काम उष्णता आणि घट्ट बसलेले झाकण मिळून करतात. मात्र त्यासाठी खास झाकणे लागतात, आणि उंचीप्रमाणे वेळ वाढवावा लागतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच असल्यामुळे येथे पाणी शंभर अंशांच्या थोडे आधीच, ९८ अंशांच्या सुमारास उकळते. घरातल्या वापरलेल्या झाकणांवर हा प्रयोग करणे मी पसंत केले नाही.

पहिली बाटली सहा दिवसांत संपली. आजींना ती सर्वांत आवडली घरी बांधलेल्या चक्क्याबरोबर, साखर न घातलेल्या श्रीखंडासारखी. नाचणीच्या घावनांबरोबरही एकदा झाली. दुसरी बाटली उघडल्यावर ती पाहुण्यांच्या गडबडीत मागे राहिली. अकराव्या दिवशी काचेच्या कडेला पांढुरका ठिपका दिसला. आजींनी तो चमच्याने काढून टाकायला सांगितले, कारण मोरांब्याच्या बाबतीत त्यांनी आयुष्यभर तसेच केले होते. या पदार्थात पाणी इतके असते की बुरशीचे धागे दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असू शकतात, म्हणून अर्धी बाटली पूर्णच टाकावी लागली. त्यानंतर उघडलेल्या बाटलीवर तारीख लिहिलेली चिकटपट्टी लावायची आणि ती आठवड्याच्या आत संपवायची, असा त्या घरात नियम झाला.

फ्रीझरमधली एक बाटली ऑगस्टमध्ये निघाली. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून ती सैल केली तेव्हा फळे पूर्वीपेक्षा मऊ होती आणि रस वेगळा सुटला होता. तो रस गाळून चार मिनिटे उकळला आणि परत ओतला. रंग जूनमध्ये होता तसाच होता. चौथी बाटली अजून फ्रीझरमध्ये आहे, आणि चिनी मातीची बरणी घासून, उन्हात वाळवून पुन्हा तिच्या फळीवर गेली आहे. मुलाच्या वाट्याचा कैरीचा मोरांबा तिच्यात आहे.